जर्मनीत खोली घेण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा

जर्मनीत मास्टर्सला जायचं असेल, तर विद्यापीठांची यादी पक्की व्हायची वाट न बघता आधी एपीएसचा अर्ज भरा. आपली पदवी आणि गुणपत्रिका तपासून मिळणारं हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी लागतं. बरीच विद्यापीठं ते प्रवेशअर्जासोबतच मागतात.

पण मला कळकळीने सांगायचंय ते राहण्याच्या जागेबद्दल. तिथे नवीन घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचं सही केलेलं पत्र लागतं. थोड्या महिन्यांसाठी खोली देणारे काही जण हे पत्र द्यायला तयार नसतात, आणि घाईत असलेली मुलं स्वस्त भाडं बघून हो म्हणून टाकतात. मग पुढचं सगळं अडतं: टॅक्स आयडी मिळत नाही, निवास परवान्याचं कामही रखडतं. म्हणून भाड्याआधी विचारा, ‘इथे आनमेल्डुंग करता येईल ना?’ उत्तर गोलमोल आलं, तर ती खोली सोडा. घर देणारा पत्र द्यायला कबूल होईपर्यंत, करार हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका.

विद्यार्थी वसतिगृहांसाठी लांब प्रतीक्षायादी असते, त्यामुळे प्रवेश मिळाल्या दिवशीच तिथे नाव नोंदवा.

आनमेल्डुंग झाल्यावर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. हे शुल्क माणशी नसून घरामागे एकच असतं. घरातलं कोणी आधीच भरत असेल, तर त्यांचा शुल्कक्रमांक कळवा.