वर्षाला 12 पुस्तकं, पण 12 तऱ्हांची

वाचनाचा संकल्प करताना आकड्यापेक्षा प्रकार ठरवा. वर्षात 50 पुस्तकं वाचायची म्हटलं की हात आपोआप छोट्या आणि ओळखीच्या पुस्तकांकडे जातो. मी दोन वर्षं हेच केलं. त्याऐवजी कागदावर 12 चौकोन आखा. एकात नाटक, एकात कवितासंग्रह, मग दलित आत्मकथन, कन्नड किंवा बंगालीतून अनुवादित कादंबरी, विज्ञानावरचं काहीतरी, तुमच्या जन्माआधी छापलेलं एखादं. दोन-तीन चौकोन मोकळे ठेवा, नाहीतर गृहपाठ वाटायला लागतो.

नवे लेखक कुठे शोधायचे? दिवाळी अंकांत. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून एकाच बैठकीत पाच-दहा लेखकांची चव घ्यायची ही सोय आपल्याकडे आहे. कथा आवडली की त्या लेखकाचं पुस्तक पुढच्या चौकोनात.

अनोळखी प्रकारातलं पुस्तक लगेच विकत घेऊ नका, वाचनालयातून आणा. 50 पानांनंतरही सूर जुळला नाही तर खुशाल परत करा. चौकोन मात्र त्याच प्रकारातल्या दुसऱ्या पुस्तकाने भरायचा. कवितांना हा नियम लागू नाही, त्या कुठूनही उघडाव्यात.