ऑफिसच्या इंग्रजीत डिड आला की क्रियापद मूळ रूपात

सकाळच्या मीटिंगमधे काल काय केलं हे सांगावंच लागतं ना, मग भूतकाळाचा सराव त्यावरच करा, वेगळा क्लास कशाला. ऑफिसला जाता जाता कालच्या कामांची तीन-चार वाक्यं तोंडाने म्हणायची, आय सेंट द कोटेशन, आय स्पोक टू द व्हेंडर, आणि लगेच त्याच वाक्याचा प्रश्न करायचा, डिड यू सेंड द कोटेशन? व्हेन डिड यू स्पीक टू द व्हेंडर? बघा, डिड आला की सेंटचं सेंड होतं आणि स्पोकचं स्पीक, कारण भूतकाळ डिडनेच दाखवून झालेला असतो. डिड यू सेंट फार ऐकू येतं, ते टाळाच. डिडन्टलाही हाच नियम. फक्त हू सेंट द मेल मधे डिड नाही, तिथे हू हाच कर्ता आहे.

आणि यस्टरडे, लास्ट वीक असं काही म्हटलं की हॅव नको, नुसतं आय सेंट इट यस्टरडे.

साहेबांना मात्र डिड यू चेक असं थेट विचारलं तर जरा टोचतं, त्यापेक्षा हॅव यू हॅड अ चान्स टू चेक इट म्हणा, हे वाक्य तर पाठच करून टाका खरंच.