कॉम्प्युटरचे कॅबिनेट निवडताना तपशीलपत्रक कसे वाचावे

कॅबिनेटच्या तपशीलपत्रकात ‘कमाल’ म्हणून दिलेले आकडे बहुतेक वेळा आजूबाजूची जागा रिकामी आहे असे धरून दिलेले असतात. त्यामुळे कोणताही आकडा सुटा न वाचता, आपण आत जे काही बसवणार आहोत त्या सगळ्याशी ताडून पाहावा.

सुरुवात मदरबोर्डपासून करावी. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड सहसा बसतो. मात्र त्यासाठी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात ते धातूचे छोटे खुंट, बोर्डाच्या भोकांप्रमाणे हलवावे लागतात, आणि एखादा जास्तीचा स्टँडऑफ खाली राहून गेला तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते.

खरी गफलत होते ती ग्राफिक्स कार्डच्या लांबीत. समजा, पत्रकात ३६० मिलिमीटर जागा लिहिली आहे आणि ती पुढे पंखे नसताना मोजलेली आहे. आता पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा २७ मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि त्यावर २५ मिलिमीटरचे पंखे लावले, तर ५२ मिलिमीटर तिथेच जातात आणि ३०८ उरतात. म्हणजे ३२० मिलिमीटरचे कार्ड, कागदावर सहज मावणारे असूनही, आत जाणार नाही. कार्डच्या वरच्या कडेला लागणारी पॉवरची वायर बाजूच्या काचेवर दाबली जाऊन कनेक्टरपाशीच मुडपली जाणार नाही, एवढी मोकळी जागाही हवी.

प्रोसेसरच्या कूलरची उंची बोर्डापासून बाजूच्या झाकणापर्यंतच्या अंतरात मावावी लागते. १२० मिलिमीटरचा पंखा असलेले टॉवर कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. रॅमच्या पट्ट्या उंच असल्या की कूलरचा पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि प्रत्यक्ष उंची आणखी वाढते, ही गोष्ट पत्रकात सापडत नाही.

पॉवर सप्लायची रुंदी आणि उंची, १५० × ८६ मिलिमीटर, एटीएक्स मानकात ठरलेली असते. लांबी मात्र १४० पासून पुढे बदलते. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या करता येणारा सप्लाय असेल तर प्लग आणि वायरींच्या वळणासाठी त्यापुढेही जागा सोडावी.

हवेच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पुढे बंद काच आणि कडेला अरुंद फट असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट घ्यावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींमधून धूळ ओढली जात नाही; पण तेवढ्यासाठी आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे फिल्टर हवा, आणि तो कॅबिनेट न उचलता काढता आला पाहिजे, नाहीतर तो स्वच्छ करणे टळतच जाते.

पुढच्या बाजूला टाइप-सी पोर्ट असेल तर त्याचे हेडर, म्हणजे त्याची वायर जोडायची जागा, आपल्या बोर्डवर आहे का ते पाहावे. साडेतीन इंची हार्ड डिस्क लावायची असेल तर तिच्या पिंजऱ्यामुळे पॉवर सप्लायची जागा किती घटते, हेही तपासावे. पत्रकातून उलगडा होत नसेल, तर निर्मात्याच्या मॅन्युअलमधील आकृती उघडावी; अंतर नेमके कुठून कुठपर्यंत मोजले आहे, हे बहुधा तिथेच दाखवलेले असते.