पॅथोफिजिओलॉजी पाठ करू नका, बाण काढा

पॅथोफिजिओलॉजी म्हणजे आजारात शरीरात काय आणि कसं बिघडतं याचा अभ्यास. पॅरामेडिकच्या कोर्सच्या पहिल्या वर्षी मी हा विषय इतिहासासारखा वाचला. आजार, कारणं, लक्षणं, तीन रंगांचे हायलायटर. मार्कही बरे पडले. मग एका रात्री ड्यूटीवर कळव्याच्या एका बिनलिफ्टच्या इमारतीत धाप लागलेले आजोबा खिडकीचा गज धरून बसलेले दिसले. मी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि सरळ आडवं केलं. त्यांनी माझा हात झटकला, उठायला धडपडू लागले. सोबतच्या सीनियरने एक शब्द न बोलता स्ट्रेचरची पाठ वर केली. 'हार्ट फेल्युअर : आडवं झाल्यावर दम वाढतो' हे वाक्य मला तोंडपाठ होतं, बरं का.

तेव्हापासून साधी दोनशे पानी वही. एका पानावर एकच आजार, आणि नुसते बाण. प्रत्येक बाणावर स्वतःला विचारायचं, 'मग?' उत्तर 'पुस्तकात तसं दिलंय' असं आलं, तर तिथे लाल गोल. अभ्यास त्या गोलांचाच करायचा.

आजोबांचंच पान बघा. हृदयाची डावी बाजू दमली. मग? फुफ्फुसातून आलेलं रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग? तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी झिरपून वायुकोशांत उतरतं. म्हणून धाप, म्हणून स्टेथोस्कोपमधून कानाजवळ केस चोळल्यासारखा आवाज. आडवं केलं की पायांत साठलेलं रक्त छातीकडे परत येतं, आधीच तुंबलेल्या ठिकाणी आणखी भर.

याच पानावर किडनीचा गैरसमजही येतो. तिच्याकडे रक्त कमी पोचतं, तिला वाटतं शरीरातलं पाणीच आटलंय. ती रेनिन नावाचं रसायन सोडते, मीठ आणि पाणी धरून ठेवते, दमलेल्या पंपावर ओझं वाढवते. उजवी बाजूही थकली की ते पाणी घोट्यांत दिसतं. नडगीवर अंगठा दाबून धरा, उचलल्यावर खळगा तसाच राहतो.

पान तयार झालं की उलटं वाचा. रुग्ण आपल्याला आजाराचं नाव सांगत नाही, 'रात्री दोन उश्या लागतात' म्हणतो. तिथून मागे जाता आलं पाहिजे. मी ठाण्याला वाशीची गाडी सुटली की वही बंद करते आणि ऐरोली यायच्या आत एक साखळी उलटी म्हणते. बसायला जागा मिळण्याशी याचा संबंध नाही, उभ्यानेही जमतं.

सगळे आजार घेऊ नका, आधी आठ-दहा पुरेत. शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं, घ्याच. मोठ्या माणसात साधारण 5 लिटर रक्त; त्यातलं 30 टक्क्यांपर्यंत गेलं तरी बीपी तग धरू शकतं, कारण नाडी पळते आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून आकड्याआधी थंडगार, घामेजलेला हात बघायचा. पानाच्या कडेला औषधांसाठी जागा ठेवा : बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याची नाडी पळेलच असं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचं पानही हवं. ताप उतरला म्हणून घरचे खूश असतात, आणि नेमकं त्याच सुमारास रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर गळू शकतं.

शेवटची पायरी, ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला समजावणं. मी आईला मेथी निवडताना गाठलं. किडनीचा गैरसमज ऐकून ती म्हणाली, "मग हृदय तिला सांगत का नाही?" मी गप्प. घरी येऊन पडलेला सगळ्यात मोठा लाल गोल. पुस्तक उघडलं तर हृदय सांगतं की! ताण पडला की ते बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतं, किडनीला मीठ-पाणी सोडायला लावतं, फक्त रेनिनच्या आरड्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. तो परिच्छेद मी पहिल्या वर्षीच पिवळा करून ठेवला होता.