‘मॅच’: शब्द एक की दोन? मूळ कसं शोधायचं

इंग्रजी ‘मॅच’चा उलगडा करायचा तर शब्दकोश लगेच उघडू नका. आधी कागदावर वापर लिहा आणि प्रत्येकासमोर मराठी शब्द मांडा. क्रिकेटची मॅच म्हणजे सामना, मॅचिंग ब्लाउज म्हणजे रंग जुळणारा, लग्नासाठी चांगली मॅच म्हणजे चांगलं स्थळ, मॅचबॉक्स म्हणजे काडेपेटी.

पहिली चूक इथेच होते. मराठी शब्द चार निघाले, म्हणून मुळंही चार असणार असं वाटतं. त्याऐवजी प्रत्येक वापराला एकच प्रश्न विचारा: यात दोघांची जोडी आहे का? सामन्यात दोन संघ, स्थळात वधूवर, ब्लाउजला साडी. तिन्ही एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीत ‘यमॅच्चा’ म्हणजे जोडीदार. पुढे बरोबरीचा, तोडीस तोड. आणि मग बरोबरीच्यांची लढत.

काडेपेटी मात्र या प्रश्नात बसत नाही. आता शब्दकोश उघडा. मुख्य शब्दालाच जोडलेले बारीक १, २ हे आकडे वेगवेगळ्या मुळांचे शब्द दाखवतात. नोंदीच्या आतले आकडे फक्त अर्थांचे. या दोन आकड्यांची गल्लत फार होते. आगीच्या ‘मॅच’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये सापडेल, अर्थ दिव्याची वात. आजच्या फ्रेंचमध्येही वातीला ‘मेश’च म्हणतात.

मग वस्तू कोणत्या क्रमाने आल्या ते पाहा. वातीनंतर आला बंदुकीचा तोडा: सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी. चाप ओढला की तिचं जळतं टोक रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकतं आणि बार उडतो. इंग्रजीत या तोड्याला ‘मॅच’, म्हणून तोडेदार बंदूक झाली ‘मॅचलॉक’. घासून पेटणारी काडी बरीच नंतरची; इंग्लंडमधल्या स्टॉकटनच्या जॉन वॉकरने ती 1827 साली विकायला काढली. काडी पेटीवर ‘जुळते’ म्हणून मॅच, ही व्युत्पत्ती या क्रमापुढे टिकत नाही.

नुसत्या उच्चारावरून नातं कधीच लावू नका. मराठीतही बंदुकीचा तोडा आणि पायातला तोडा उच्चाराने एकच. अर्थ वाक्यावरूनच कळतो. ‘मॅचमेकर’ तर इंग्रजीत लग्नं जुळवणाराही असतो आणि काड्या बनवणाराही. भाषांतर करताना आधी पुढचं-मागचं वाक्य वाचा.