सासूबाईंना घेऊन युनियन स्क्वेअरच्या तैवानी मेळ्याला जायचं असेल तर

सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन मध्यवस्तीत, युनियन स्क्वेअरच्या चौकात, दर वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी तैवानी-अमेरिकन सांस्कृतिक मेळा भरतो. नव्वदच्या दशकापासून तो चालू आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अमेरिकेत 1999 पासून मदर्स डेपासून सुरू होणारा आठवडा तैवानी-अमेरिकन वारसा सप्ताह म्हणून पाळतात, त्यामुळे मेळ्याची तारीखही त्याच्या आसपास पडते. नेमके हेच दिवस आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या इथल्या मुक्कामाचे. आम्ही फ्रीमाँटला राहतो आणि सासूबाई इथे असल्या की मी त्यांना आवर्जून घेऊन जाते. त्या माळकरी आहेत. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. तरी मी सांगते, बे एरियातल्या कुठल्याही खाद्यमेळ्यापेक्षा त्यांच्यासाठी हा मेळा जास्त सोयीचा आहे. मात्र थोडी तयारी करून जायला हवं.

आधी पोचायचं कसं ते. गाडी नेऊ नका. चौकाच्या खालीच पार्किंग आहे, 1942 साली बांधलेलं, पण शनिवारी दुपारी तिथे शिरायलाच वेळ जातो. नेलीच, तर सीटवर पिशवी, जॅकेट, चार्जर काहीही दिसेल असं ठेवू नका. या शहरात गाड्यांच्या काचा फुटतात. फ्रीमाँटहून किंवा बेरिएसाहून बार्ट या लोकल रेल्वेची डेली सिटीकडे जाणारी हिरवी गाडी धरली की न बदलता पॉवेल स्ट्रीटला उतरता येतं. तिथून बहुतेक लोक वर रस्त्यावर येऊन चढाने चालत जातात. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तसं करू नका. पॉवेल स्टेशनातूनच जमिनीखालच्या रस्त्याने युनियन स्क्वेअर/मार्केट स्ट्रीट या नव्या मेट्रो स्टेशनात जाता येतं, आणि तिथला सरकता जिना किंवा लिफ्ट तुम्हाला थेट चौकाच्या कोपऱ्यावर, गिअरी आणि स्टॉकटन रस्त्यांच्या तिठ्यापाशी आणून सोडते. चढ अजिबात लागत नाही. सनीव्हेल, माउंटन व्ह्यूकडच्यांनी कॅलट्रेन या रेल्वेने फोर्थ अँड किंग स्टेशन गाठावं आणि मेट्रोची टी लाईन धरावी. तीही याच स्टेशनात येते. या गाड्यांचं भाडं भरायला प्रत्येकाचं वेगळं क्लिपर कार्ड किंवा टॅप करायचं बँकेचं कार्ड हवं, आणि ज्येष्ठांना सवलतीचं क्लिपर कार्ड मिळतं. ते आधीच काढून ठेवा, स्टेशनावर आयत्या वेळी ते जमत नाही.

कपड्यांबद्दल एवढंच की फ्रीमाँटचं ऊन बघून निघू नका. चौकात दगडी फरशी आहे, सावली जवळजवळ नाही. टोपी नसेल तर डोकं तापतं, आणि ढग आला की बोचरा वारा सुटतो. सासूबाईंना मी नऊवारीवर स्वेटर, कानाला रुमाल आणि पायात मोजे-बूट असंच नेते. एक घडीची छोटी खुर्ची बरोबर घ्या. मंचासमोरच्या जागा लवकर भरतात.

मेळा साधारण दहाला सुरू होतो आणि पाचच्या सुमारास आवरतो. दहालाच पोचा. बारा ते दोन खाण्याच्या रांगा इतक्या लांबतात की म्हातारं माणूस उभं राहूच शकत नाही. आम्ही अकराच्या आत खाऊन घेतो आणि मग निवांत फिरतो.

आता खाण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण आपली मंडळी इथेच बिचकतात. चौकात शिरल्या शिरल्या तळलेल्या चिकनचा आणि गोडसर डुकराच्या सॉसेजचा वास येतो, आणि घरचे ज्येष्ठ म्हणतात, "चला परत." थांबा. तैवानमध्ये शाकाहाराची परंपरा जुनी आहे आणि काटेकोरही. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात तिथे मांसाबरोबर कांदा, लसूण, पातीचा कांदा अशा उग्र वासाच्या पाच गोष्टीही वर्ज्य असतात. जुन्या बौद्ध यादीत त्या पाचांमध्ये हिंगसुद्धा येतो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ विचार करत बसल्या. आपल्याकडे कांदा सोडला तरी हिंग राहतोच. तैवानमध्ये पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर प्रकार छापावा लागतो: पूर्ण शाकाहारी, अंडं असलेलं, दूध असलेलं, दोन्ही असलेलं आणि कांदा-लसूण असलेलं. एवढी बारकाईची विभागणी आपल्या हिरव्या ठिपक्यातही नाही.

म्हणून स्टॉलवर "व्हेजिटेरियन?" एवढंच विचारून थांबू नका, कारण समोरचा मुलगा इथेच जन्मलेला असेल तर तो वरचं मांस काढून देईल आणि रस्सा तोच राहील. "सू" असा शब्द वापरा, आणि स्टॉलमागे एखाद्या वयस्क बाई असतील तर त्यांनाच विचारा. त्या लगेच समजतात आणि यात काय आहे, तळणाचं तेल वेगळं आहे का, हे स्वतःहून सांगतात. पाकिटं विकायला असतील तर उलटून बघा. तैवानमध्ये शाकाहारी पदार्थावर आणि खाणावळीच्या पाटीवर स्वस्तिक असतं. आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या दिशेचं, बुद्धाच्या छातीवर दाखवतात तसं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाही तर ती दचकतात.

प्रत्येक वर्षी स्टॉल बदलतात, पण नेहमीच्या तैवानी पदार्थांत आपल्याला चालण्यासारखे बरेच असतात. रताळ्याचे तळलेले गोळे बघा. उकडलेलं रताळं आणि टॅपिओकाचं पीठ मळून, तेलात दाबत दाबत फुगवतात, आत पोकळ आणि बाहेर कुरकुरीत. तेल वेगळं असेल तर हा पदार्थ उपवासालासुद्धा चालावा. बोबा चहातले काळे मणीही त्याच टॅपिओकाच्या पिठाचे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा कंद. हे एकदा कळलं की ज्येष्ठांची भीती जाते. बोबा चहा 1980 च्या दशकात तैवानमध्ये जन्मला. पहिला कुणी केला यावरून ताइचुंगचं एक चहाघर आणि ताइनानचं दुसरं, यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. चहा घेताना "साखर कमी, बर्फ कमी" असं सांगा; तैवानी चहाच्या दुकानात हे नेहमीचं आहे. मणी मात्र जाड नळीतून एकदम घशात जातात, म्हणून वयस्कांना चमच्याने खायला द्या.

चहा नको असेल तर कोहळ्याचं सरबत मागा. कोहळा साखरेत आटवून करतात, त्यात चहाची पत्ती नसते. ऐयूची जेली मिळाली तर ती नक्की घ्या: उंबराच्याच कुळातल्या एका वेलीच्या फळातलं बी कापडात बांधून थंड पाण्यात चोळतात आणि पाणी आपोआप थिजतं. जिलेटिन लागत नाही, शिजवावंही लागत नाही, वरून लिंबू आणि मध. काळी गवती जेली तुळशीच्या कुळातल्या झाडाची असते, तीही चालते. आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा मोठा ठोकळा सुताराच्या रंध्याने तासताना दिसला, तर रांग किती का लांब असेना, उभे राहा. पातळ पोळीवर तो कीस, वर आइस्क्रीमचे गोळे, त्यावर ताजी कोथिंबीर आणि गुंडाळी. गोडात कोथिंबीर ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी नाक मुरडलं होतं. आता घरी लोणावळ्याची चिक्की किसून मी तसंच करते.

जपून राहायच्या गोष्टीही आहेत. अननसाच्या केकमध्ये बहुधा अंडं असतं, कधी डुकराची चरबी. पातीच्या कांद्याच्या पराठ्यातही चरबी असू शकते. उग्र वासाचं आंबवलेलं टोफू वरवर शाकाहारी, पण ते ज्या खाऱ्या पाण्यात मुरवतात त्यात अनेकदा सुकी कोळंबी असते, म्हणून माळकरी माणसाला देऊ नका. तुम्ही स्वतः सगळं खात असाल तर ते जरूर खा, वासावर जाऊ नका, सोबतच्या आंबट कोबीसकट खा.

पोट भरलं की बहुतेक लोक फोटो काढून निघतात. माझ्या मते मेळ्याचा गाभा त्यांच्याकडून हुकतो. चौकाच्या कडेने संस्थांची टेबलं मांडलेली असतात, तिथे वेळ द्या. चहा दाखवायला कुणी बसलं असेल तर आधी तिथे. इवल्याशा किटलीत, इवल्याशा पेल्यात, एकाच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून देतात. दूध-साखर मागू नका. पहिला पेला कडसर लागेल, तिसऱ्यापर्यंत थांबा. तिथे 'पूर्वेची सुंदरी' नावाचा उलून चहा दिसला तर त्याची गोष्ट विचारा. त्या चहाच्या कोवळ्या पानांना तुडतुडे चावू देतात, फवारणी करत नाहीत, आणि त्या चाव्यामुळेच पानात मधासारखा सुवास तयार होतो. तुडतुड्यांनी आंब्याचा मोहोर जळालेला पाहिलेल्या सासूबाईंनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

या टेबलांमागे सत्तरी-ऐंशीतले काका-काकू बसलेले असतात. त्यांच्याशी बोलताना एक पथ्य पाळा. "हा चायनीज मेळा ना?" असं विचारू नका. त्यांना ते लागतं, आणि का लागतं ते थोडं माहीत असलेलं बरं. तैवान 1895 ते 1945 जपानच्या ताब्यात होता. मग चीनमधून आलेल्या राष्ट्रवादी सरकारच्या हाती गेला. 28 फेब्रुवारी 1947 ला उसळलेला उठाव त्या सरकारने हजारो माणसं मारून चिरडला. 1949 मध्ये लागलेला लष्करी कायदा 1987 मध्ये उठला. मधल्या काळात शाळेत मातृभाषा बोललं तर दंड होई, गळ्यात पाटी अडकवली जाई. आपली भाषा बोलल्याबद्दल लहानपणी अशी शिक्षा भोगलेली माणसं आज सॅन फ्रान्सिस्कोच्या भर चौकात मंच उभारून त्याच भाषेतलं गाणं लावतात. मुलांना दर आठवड्याला मराठी शाळेत नेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नीट कळतं. "तुम्ही तैवानमध्ये कुठल्या गावचे?" एवढं विचारा. ताइनान, हुआलिएन, शिंचू, गावाचं नाव निघालं की पुढचं सगळं ते स्वतः सांगतात. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि त्या काकूंना मराठी, तरी दोघी अर्धा तास एकमेकींच्या शेजारी बसून नातवंडांचे फोटो बघत होत्या. "तो-सिआ" म्हणजे त्यांच्या भाषेत आभार. तेवढा शब्द आम्ही पाठ करून नेतो.

मंचावर काय असेल ते वर्षावर अवलंबून. तैवानच्या मूळ रहिवाशांच्या 16 जमातींना तिथल्या सरकारची मान्यता आहे, त्यांची गाणी-नाच असतील तर चुकवू नका. आणि पाठीवर झेंडे खोवलेला, मोठ्या मुखवट्याचा, ढिनच्याक संगीतावर नाचणारा बालदेव दिसला, तर मुलांना पुढे उभं करा. हा 'तिसरा राजकुमार' नाझा. 2009 च्या काओशुंगच्या जागतिक क्रीडा स्पर्धेपासून त्याचा हा नाच जगभर गाजला. अभ्यासक त्याचं मूळ आपल्या नलकूबरात शोधतात. भागवतात नारदांच्या शापाने झाड झालेला कुबेराचा मुलगा, ज्याला उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने सोडवलं, तोच बौद्ध ग्रंथांबरोबर पूर्वेला गेला. ही गोष्ट आजीच्या तोंडून तिथेच सांगायला लावा, मुलं विसरणार नाहीत.

हे सगळं चालवणारे बहुतेक स्वयंसेवक तिशीच्या आतबाहेरचे असतात. तैवानी अमेरिकन प्रोफेशनल्स या संस्थेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतली ही मंडळी आयोजनात पुढे असतात, आणि मागच्या पिढीने त्यांच्या हाती खरोखर सूत्रं दिली आहेत. आपल्या मंडळांत गणपतीचं नियोजन करणाऱ्यांनी जाऊन हे बघावं असं मला मनापासून वाटतं. स्वयंसेवक व्हायला तैवानी असावं लागत नाही. मुलं मोठी असतील तर नावं द्या, तारखाही आयोजकांच्या पानावरच पक्क्या बघून घ्या.

निघताना पायांत बळ असेल तर दोन-तीन गल्ल्या चालत ग्रँट आणि बुश रस्त्यांच्या कोपऱ्यावर जा. चायनाटाउनची ती प्रसिद्ध हिरव्या कौलांची ड्रॅगन कमान तिथे आहे, 1970 ची. तिचं सामान तैवानने भेट दिलेलं. रस्ता चढाचा आहे, तेव्हा ज्येष्ठांना चौकातच खुर्चीवर बसवून कुणीतरी जवळ थांबा आणि आळीपाळीने जाऊन या. परतीची हिरवी बार्ट रात्री उशिरापर्यंत नसते. ती चुकली तर फ्रीमाँटला वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणून आम्ही पाचच्या आधीच स्टेशनात उतरतो.