वादळात खिडकी-दार फुटलं तर : प्लाय, तार आणि अडसर

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी १०० किमीच्या वर होता, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडपासून खाली मंडणगड-दापोलीपर्यंत हजारो घरांचे पत्रे-कौलं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागूनच वर गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा बातम्यांत छपरांचेच फोटो होते, पण पुष्कळ घरांत छपराच्या आधी जाते ती खिडकी. वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी फुटली की वारा आत शिरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते म्हणून तो आतून छपराला वर ढकलतो, आणि त्याच वेळी छपराच्या वरून जाणारा वारा त्याला वर ओढत असतो. दोन्हीकडून जोर आला की पत्रे धरून ठेवणारे जे-हूक सुटतात, पत्रे जातात, मग पाऊस थेट घरात. म्हणून फुटलेली खिडकी लगेच बंद करणं म्हणजे छप्पर वाचवणं, नुसतं पाणी अडवणं नाही. काही जण सांगतात की समोरच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे वारा पास होईल, तर ते ऐकू नका, सगळंच बंद ठेवायचं.

आता सगळ्यात आधीची गोष्ट, वारा चालू असताना बाहेर जाऊन प्लाय लावायचा नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ६० चा वारा ताशी १२० झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट. ताशी १०० च्या वाऱ्यात चार बाय चार फुटाच्या तुकड्यावर साधारण ७० किलोचा रेटा येतो, आणि आठ बाय चारची आख्खी शीट असेल तर ६० च्या वाऱ्यातसुद्धा ५० किलो, ती शीट हातात शिडासारखी भरते आणि माणसाला घेऊन जाते. त्यामुळे खिडकी वादळाच्या मध्येच फुटली तर त्या खोलीतून बाहेर या, खोलीचं दार लावून घ्या, दाराला तुम्ही आहात त्या बाजूने कपाट-टेबल काहीतरी लावा आणि घराच्या मधल्या खोलीत बसा. आणि एकदम वारा पडला, आकाश जरा उजळलं, तर वादळ गेलं असं धरून बाहेर पळू नका, वादळाचा डोळा डोक्यावर आला असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो. हवामान खात्याचं बुलेटिन मिळत असेल तर ते बघा, रेडिओ असेल तर तो लावा.

वारा खरंच गेला की पहिलं काम मेन स्विच बंद. खिडकीशेजारी बोर्ड असतोच आणि पाणी त्याच्यात गेलेलं असतं. अंगणात तार पडली असेल तर तिच्या जवळ जाऊ नका, पाण्यात पडली असेल तर त्या पाण्यातही पाय नको. मग पायात बूट (चप्पल नाही), हातात जाड हातमोजे, नसतील तर गोणपाट गुंडाळा, आणि आधी फोटो काढा. घाईत सगळेच हे विसरतात. फुटलेली खिडकी बाहेरून, आतून, आणि खोलीत किती पाणी आलं ते, सगळं फोटोत यायला हवं, कारण तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत तुम्ही सगळं आवरून टाकलेलं असतं. विमा असेल तर त्यालाही हेच फोटो लागतात.

चौकटीत अडकून राहिलेली काच काढताना वरून खाली काढत या. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा सुळका मनगटावर येतो, हे फार वेळा होतं. पक्कडीने धरून हळू हलवत ओढायचा, हातोडीने ठोकायचं नाही. काचा गोणीत भरायच्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि गोणीवर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं, कचरा उचलणाऱ्याचे हात आपल्याच सारखे आहेत. बारीक कण दिसत नाहीत, त्यासाठी टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून बघा, चमकतात, मग ओल्या वर्तमानपत्राने टिपून घ्या. हात कापलाच किंवा गंजका खिळा लागला तर जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा, दोन दिवसांनी बघू म्हणून ठेवू नका.

आता प्लाय. खिडकीला १२ एमएम पुरतो, दार किंवा पाच फुटापेक्षा रुंद खिडकी असेल तर १८ चा घ्या. पातळ ६ एमएम स्वस्त पडतो पण वाऱ्यात थरथरतो आणि थरथरून थरथरून स्क्रूच्या भोवती फाटतो, त्याच्यावर पैसे घालू नका. माप घेताना उघडी जागा जेवढी तेवढाच तुकडा कापायचा नाही, चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त, म्हणजे तो चौकटीवर किंवा भिंतीवर टेकतो आणि वारा त्याला आत ढकलू शकत नाही. १२ एमएमची आख्खी शीट २० किलोच्या आसपास भरते, एकट्याने शिडीवर नेऊ नका.

जोडायचं कसं, इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे चिऱ्याची भिंत असते, वर गिलावा असतो, आणि लोक सरळ गिलाव्यात खिळे ठोकून मोकळे होतात. तो खिळा पहिल्या झोतात गिलाव्याच्या पापुद्र्यासकट निघून येतो. लाकडी चौकट शाबूत असेल तर स्क्रू तिच्यातच मारा, दीड-दोन इंच लाकडात आत जातील असे, दर नऊ-दहा इंचांवर एक, प्लायच्या कडेपासून एक इंच आत. वायसर घाला, नाहीतर स्क्रूचं डोकं प्लायमधून आरपार ओढलं जातं. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू वापरू नका, ते कडक असतात, जोर आला की मोडतात आणि समुद्राच्या हवेत आठवड्यात गंजतात. काँक्रीटची भिंत असेल तर गिट्टी (भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) घालून स्क्रू चालतो, चिऱ्यात मात्र गिट्टीवर भरवसा ठेवू नका.

पण वादळानंतर ड्रिल चालवायला लाईट असते कुठे? निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलचं नेटवर्कही नव्हतं. तेव्हा उपयोगाची पद्धत म्हणजे तार, आणि आपल्या घरांना ती छान बसते कारण बहुतेक खिडक्यांना गज किंवा ग्रिल असतंच. प्लाय बाहेरून चौकटीवर टेकवा, एकाने बाहेरून धरा, एकाने आत उभं राहा. प्रत्येक कोपऱ्यात, गजाच्या दोन्ही अंगांना एक-एक भोक पाडा, दोन भोकांत दीडेक इंचाचं अंतर. ड्रिल नसेल तर चार इंची खिळा ठोकायचा आणि पक्कडीने पिळून काढायचा, झालं भोक. मग कुंपणाची जीआय (जस्त चढवलेली) तार फूटभर घेऊन तिला इंग्रजी यू सारखी वाकवा, बाहेरून दोन्ही टोकं दोन भोकांतून आत घाला, आत गजाला वेढा देऊन पक्कडीने पिळा. बाहेर तारेच्या खाली लाकडी रीपेचा तुकडा किंवा पत्र्याची पट्टी घालायला विसरू नका, नाहीतर तार प्लायला कापत आत येते. चार कोपरे, मध्ये एक, मोठी खिडकी असेल तर मध्ये तीन. पिळताना तार ताणून आधी हाताने ओढायची मग पक्कड फिरवायची, आणि पीळ घट्ट बसला की थांबायचं, अजून एक म्हणून फिरवलात की तटकन तुटते. शेवटी बाहेरून तळव्याने प्लायवर थाप मारून बघा, खडखड आवाज आला तर कुठेतरी तार सैल आहे. बांधकामाची काळी बाइंडिंग तार असेल तर ती दुहेरी-तिहेरी करून घ्या, एकेरी टिकत नाही. या पद्धतीत एक चांगलं आहे की पीळ आतल्या बाजूला राहतो, बाहेरून कोणाला सोडवता येत नाही, घर बंद करून मुंबईला जायचं असेल तर हे महत्त्वाचं.

गज नसतील तर खिडकीच्या आतल्या बाजूला, उघडी जागा ओलांडून दोन्हीकडे फूट-फूटभर भिंतीवर येतील अशा दोन लाकडी बॅटन आडव्या ठेवा, एक वर एक खाली, बाहेर प्लाय, आणि मधून लांब नट-बोल्ट. आवळलं की भिंत मध्ये चिमटीत धरली जाते, भिंतीला एकही भोक पडत नाही. बोल्ट गोल डोक्याचा, डोकं बाहेर आणि नट आत. घरफोडीत खिडकी किंवा कडी-कोयंडा तोडला असेल तरी हेच करायचं, फक्त त्या वेळी ११२ ला फोन करून पोलीस येऊन बघेपर्यंत कशालाही हात लावू नका.

वरच्या मजल्यावर किंवा मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाहेरून काम करायचा विचारही नको. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून किंवा बाहेर काढलेल्या ग्रिलवर उभं राहून कोणी काही करू नये, जुनी ग्रिलं भिंतीत किती गंजली आहेत ते वरून दिसत नाही. स्लायडिंगची काच गेली असेल तर सरकती झडप वर उचलून खालची बाजू आत ओढली की ती निघते, बाजूला ठेवा, मग प्लाय आतून लावा, त्याच्यावर दोन रीपा आडव्या, आणि रीपेवरून तार बाहेरच्या ग्रिलला. काच खाली पडण्यासारखी असेल तर आधी वॉचमनला सांगून खालची जागा मोकळी करून घ्या, दोरी बांधून घ्या, मगच हात लावा. आणि वादळाच्या आदल्या दिवशी काचेवर टेपची फुली मारतात ना, त्याने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे टोकदार तुकडे एकत्र येऊन पडतात. तो वेळ गॅलरीतल्या कुंड्या, वाळत घालायच्या दांड्या, डिश सैल असेल तर ती, हे सगळं आत घेण्यात किंवा बांधण्यात घालवा, काचा बऱ्याचदा अशा उडालेल्या वस्तूंनीच फुटतात.

प्लाय मिळालाच नाही, दुकानं बंद आहेत, तर ताडपत्री. पण ताडपत्रीला थेट खिळा मारला की वारा भोकापासून फाडत नेतो. कडा लाकडी रीपेला दोन-तीन वेढे गुंडाळा आणि मग रीप चौकटीला ठोका. वरची कड छज्जाच्या खाली शक्य तितकी वर न्या, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी ताडपत्रीच्या मागे न जाता पुढून जाईल, खालची कड चौकटीच्या बाहेर सोडा. हे पावसासाठी ठीक आहे, वाऱ्यासाठी नाही, पुढच्या वाऱ्याचा इशारा असेल तर घरातली पलंगाची फळी, जुन्या कपाटाचं दार, काहीही जाड लाकूड त्याच्यावर बांधा.

दाराचं थोडं वेगळं. आपली दारं आत उघडतात, म्हणून वारा कडीवरच सगळा जोर टाकतो. जुन्या घरात अडसर असतो, भिंतीत दोन्हीकडे खोबणी असतात, तो वाळवीने खाल्लेला नाही ना एवढं बघून घाला, त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. खोबणी नसतील तर दाराच्या मध्यावर आडवी फळी आणि तिला तिरका वासा टेका म्हणून लावा, वाशाचं खालचं टोक गुळगुळीत लादीवर नुसतं टेकवू नका, सरकतं, ते समोरच्या भिंतीला किंवा भरलेल्या धान्याच्या कणगीला नेऊन भिडवा. दाराची फळीच निखळली असेल तर तिच्यावर बाहेरून १८ चा प्लाय आणि आतून बॅटन, वर सांगितलं तसं. उंबरठ्याशी वाळूची गोणी.

आणि हे कितीही घाई असली तरी करू नका, घराची सगळी दारं ठोकून बंद. एक दार आतून हाताने, अंधारात, पाना-पक्कड न लागता उघडलं पाहिजे, आणि ते कुठलं हे घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांना, मुलांना माहीत पाहिजे. आग लागली, झाड पडलं, कोणाला छातीत दुखायला लागलं तर तीच वाट आहे. तसंच खिडक्या प्लायने बंद केलेल्या घरात कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, जनरेटर आत किंवा पडवीत लावू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जनरेटर अंगणात, खिडक्यांपासून लांब.

खिडकी झाकून झाली की लगेच छपरावर चढायची घाई होते, तिथे तर फारच जपा. सिमेंटचा पत्रा ओला असला की दिसतो शाबूत पण पाय दिला की माणूस खाली, वादळात वाचलेली माणसं अशी नंतर जखमी होतात. वाशावर आडवी फळी टाकूनच जायचं, नाही जमत तर गवंडी-सुतार येईपर्यंत आतून ताडपत्री बांधा आणि थांबा.

चाकरमान्यांनी गावचं घर बंद असेल तर मे महिन्यात आलात की एवढं करून ठेवा, समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांचे प्लाय मापाने कापून, भोकं पाडून, प्रत्येकावर खिडकीचं नाव आणि वरच्या दिशेला बाण रंगवून माळ्यावर सपाट आडवे ठेवा (भिंतीला तिरके टेकवून उभे ठेवले तर वाकतात), कडांना रंग मारा म्हणजे पाणी पिणार नाहीत, सोबत तारेचं भेंडोळं आणि पक्कड. चावी आणि यातलं काय कुठे आहे हे शेजारच्या काकांना दाखवून ठेवा, बंदरावर ३ नंबरचा (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागल्यावर तुम्ही मुंबईहून निघून पोचणार नाही, ते पोचतील. आणि बांधून झालेल्या तारा आठवड्याने परत तपासा, प्लाय पाणी पिऊन फुगतो आणि सुकला की सैल पडतो, एक-दोन पीळ जास्त द्यावे लागतात.